आतोबांचे रंगूनचे नवस

देवाधर्माच्या बाबतीत माझ्या आतोबांइतका भाबडा आणि तितकाच खटपटी माणूस उभ्या निजामी मुलखात दुसरा झाला नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, पुसेगावचे. लोक आपला एक देव धरतात आणि जन्मभर त्याचंच डोकं खातात. आतोबांना मात्र वाटेत भेटेल त्या देवाची विचारपूस केल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नसे. हिंगोलीच्या बाजाराला त्यांच्याबरोबर निघायचं म्हणजे शिक्षाच! दर्गा आला, थांब. जैनांचं देऊळ आलं, थांब. बांधावरचा शेंदूर फासलेला दगड दिसला, तिथंही थांब. आम्ही पोचेपर्यंत बाजार उठलेला. मी कुरकुर केली की म्हणायचे, "बापू, वळखीचा माणूस दिसला तं राम राम करतोस का न्हाई? मंग देवानंच काय घोडं मारलं?"

ही खोड त्यांना लागली रंगूनला. तिथल्या गोदीत खपणाऱ्या हिंदी मजुरांच्या पोरांसाठी कुणी भल्या माणसांनी शाळा काढली होती. मास्तर पाहिजे, जेवण मिळेल, पगार नाही, अशी जाहिरात आतोबांनी हिंगोलीला एका दुकानात वाचली. पगार नाही हे वाचून दुसऱ्या कुणी कागद खाली ठेवला असता, आतोबा हरखले. शेत भावांच्या हवाली केलं, आत्याला सासूच्या हवाली केलं आणि हे निघाले समुद्र ओलांडून. मूलबाळ नव्हतं. आत्या एवढंच म्हणाली, "जगाची पोरं शिकवाया निघाले. माझं काय, हे कोन्या देवाला इचारलं का?" आतोबा पिशवी उचलून गाडीत बसले.

त्यांच्या वर्गात तेलुगू, तमिळ, पंजाबी, मुसलमान, किरिस्ताव अशी सगळी खिचडी. शिवाय शेजारच्या भाजीवालीची मा टिन नावाची एक ब्रह्मदेशी पोर, कुणी न बोलावता रोज येऊन पुढे बसायची. आतोबांनी पहिल्याच दिवशी नेम केला: लेकराच्या हातात पाटी द्यायची, तर आधी त्याच्याबरोबर त्याच्या देवाला जाऊन सांगून यायचं. "दुसऱ्याचं लेकरू शिकवून राहिलो, तं त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला इचारावं ना!" हे मोठं माणूस म्हणजे देव.

नेम चांगला, पण पद्धत सगळी पुसेगावची. चर्चमध्ये शिरताना दोर लोंबकळताना दिसला. देवासमोर जायचं तर घंटा वाजवूनच, म्हणून यांनी दोन्ही हातांनी तो ओढला. वरची मणाची घंटा अशी काही घणघणली, की आग लागली समजून अर्धी गल्ली बादल्या घेऊन धावत आली. पाद्री भला माणूस. त्याने खुणेनं सांगितलं, पागोटं काढा आणि पायताण घाला. आतोबा आम्हाला सांगताना अजून चकित व्हायचे: "डोकं उघडं अन् पाय झाकलेले! सारं उलटंच की! पण म्हणलं, त्याह्यच्या घरची रीत हाये, बराबर असंल." पॅगोड्यात तर त्यांनी बुद्धासमोर नारळ फोडला. ध्यानाला बसलेले भिक्षू दचकून उठले. मशिदीला प्रदक्षिणा घालायला गेले तर मागच्या बाजूला कुणाचं तरी न्हाणीघर निघालं. पण कुठूनही त्यांना कुणी हाकललं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहून माणसाचा राग टिकतच नसे, हे मी अनुभवाने सांगतो.

मग लढाई पेटली आणि जपान्यांचे बाँब रंगूनवर पडले. शाळा उधळली. पोरं कुठं गेली, कुणाबरोबर गेली, कळायला मार्ग नाही. आतोबा त्या धुरातून एकेका देवाकडे गेले आणि प्रत्येक पोरासाठी त्याच्या-त्याच्या देवाला नवस बोलले. देवळात नारळ, दर्ग्यात चादर, चर्चमध्ये मेणबत्त्या, गुरुद्वारात शिऱ्याचा प्रसाद. मा टिनसाठी पॅगोड्यात, तिथल्या रिवाजाप्रमाणे, बुद्धाला सोन्याचा वर्ख. "लेकरू जित्तं राहू दे, मी फेडतो." एवढं बोलून ते माणसांच्या लोंढ्याबरोबर डोंगर तुडवत पायी निघाले. घरी पोचले तेव्हा इतके वाळले होते, की आत्याने आधी भाकर वाढली आणि मग विचारलं, "कोन्या गावचे पाव्हणे?"

आणि इथून आतोबांचा खरा घोर सुरू झाला. नवस फेडायचा तो काम झाल्यावर. पोरं जगली की नाही, हे कळल्याशिवाय फेडणार कसे? न फेडावा, तर पोरं गेली असं आपल्याच तोंडाने म्हटल्यासारखं. पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. गावच्या गुरवाला विचारलं, तो म्हणाला, "खातरी झाल्याबिगर न्हाई चालत." मुल्लाजींना विचारलं, ते दाढी कुरवाळत बसले आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. लढाई संपली तरी आतोबा जेवता जेवता थांबायचे. हातातला घास हातातच. एवढा बोलका माणूस मुका होत चालला, आणि मला खरोखर भीती वाटू लागली, की हे आता आपल्या हाती लागत नाहीत.

शेवटी एक दिवस आत्याच कडाडली. "काहून झुरून राहिले? फेडून टाका सारे. फेडले म्हंजे पोरं हायेत. मंग कोन काय म्हणतं, मी पाहून घेते!"

झालं! आतोबा, आत्या आणि सामान उचलायला मी, असे आम्ही निघालो. निघतानाच गावच्या देवळात नारळ फुटले. हिंगोलीच्या दर्ग्यात चादर झाली. नांदेडला गुरुद्वारात प्रसाद झाला. जालन्याला चर्चमध्ये मेणबत्त्या लागल्या. राहिला एक मा टिनचा बुद्ध. आपल्या भागात पॅगोडा आणायचा कुठून? मी म्हटलं, वेरूळच्या लेण्यांत बुद्ध आहे. औरंगाबादला आत्याने गळ्यातल्या पोतीचे सोन्याचे मणी तोडून वर्खवाल्याच्या हातावर ठेवले. आतोबा "अगं, अगं" करत राहिले. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

लेण्यात पाय खाली सोडून बसलेला तो भला थोरला बुद्ध पाहून आतोबांचे हातच जोडले गेले. आत्याने कापसातला वर्ख काढला, तोच पहारेकरी पुढे आला. म्हातारा मुसलमान, सरकारी पट्टेवाला. "अम्मा, हात लगाना मना है."

आतोबा लगेच मागे सरले. परक्या घरची रीत मोडायची नाही, हा त्यांचा स्वभाव. खांदे पडले, तोंड एवढंसं झालं.

आत्या मात्र हलली नाही. "बाबा, लेकराचा नवस हाये."

"किसका बच्चा?"

मी आतोबांकडे पाहिलं, आतोबांनी माझ्याकडे. आता कोण, कुठली, हे सगळं रंगूनपासून सांगायचं तरी कसं!

"माझी पोरगी हाये," आत्या म्हणाली. "रंगूनला राहती."

म्हातारा दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी आहे का पाहून आला. मग "जल्दी करो" म्हणून पाठ फिरवून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. आत्याने बुद्धाच्या पायाच्या अंगठ्यावर वर्ख ठेवला आणि बोटाने हलकेच दाबून बसवला. आतोबा खांबाला टेकून, पागोट्याचं टोक तोंडावर धरून रडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

परतताना आत्या चालता चालता म्हणाली, "केवढी झाली असंल हो ती आता?"

"सोळा-सतराची," आतोबा म्हणाले.

"मंग लग्नाला आली की," आत्या म्हणाली. "पोरगा पाहाया पाह्यजे."