गळलेला सातवा प्रश्न

धर्मशिक्षणाच्या बाईंना सगळी शाळा ‘घडाघडा बाई’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं त्या दहावीला वीस प्रश्नांची प्रश्नोत्तरी शिकवत होत्या. “पाच!” म्हणायचा अवकाश, की वर्ग पाचव्या प्रश्नाचं उत्तर घडाघडा म्हणे. प्रश्न विचारायची गरजच उरली नव्हती. मुलं पास होत, फादर खूश होत. आणखी काय हवं?

त्या वर्षी मात्र मुख्याध्यापिका सिस्टरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, “बाई, यंदा निकाल बिशपांच्या कार्यालयात जायचाय. कमी पडला, तर तुमचे तास गणिताला द्यावे लागतील. पालक हात धुऊन मागे लागलेत.” बाई घरी एकट्या. नवरा गेलेला, मुलगा परदेशी. हे तास गेले तर दिवसभर करायचं काय, हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

सहामाहीचे पेपर तपासायला त्या शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या. पाठ असलेली उत्तरं तपासायला डोळे लागतात कुठे? हात आपोआप बरोबरच्या खुणा करत होता. एकोणचाळीस पेपर झाले, सगळे पैकीच्या पैकी. चाळिसावा वर्षाच्या मध्यात आलेल्या एका मुलीचा. तिच्याकडे उत्तरांची यादीच नव्हती, म्हणून बिचारीने प्रश्न वाचले होते. बाईंनी सवयीने आठव्या उत्तरावर लाल काट मारली, आणि मग ते वाचलं.

‘क्षमा म्हणजे काय?’ या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं: ‘मला माहीत नाही. बाबा आम्हाला सोडून गेले. आई म्हणते, माफ कर. मला जमत नाही. म्हणून प्रार्थनेत ‘आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की मी गप्प बसते. देवाशी खोटं कसं बोलू?’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दुसरा पेपर ओढला. क्षमा म्हणजे काय? ‘देवाची आज्ञा जाणूनबुजून मोडणे.’ तिसरा पेपर, तेच. त्याच्या वरचा प्रश्न, पाप म्हणजे काय? ‘देवाने माणसाला प्रेमाने दिलेली देणगी.’ टाइप करताना कारकुनाकडून ‘कृपा म्हणजे काय?’ हा सातवा प्रश्न गळला होता आणि पुढचे सगळे एकेक आकडा वर सरकले होते. मुलांनी आकडे पाहून उत्तरं लिहिली. बाईंनी आकडे पाहून गुण दिले. हसावं की रडावं? कारकुनाला बोल लावावा, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गप्प बसल्या असत्या तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. तासही वाचले असते. पण अख्ख्या वर्गात जिने खरोखर प्रार्थना ऐकली होती, तिच्याच उत्तरावर आपण काट मारली, हे त्यांना गिळता येईना. पेपरांचा गठ्ठा घेऊन त्या सिस्टरांकडे गेल्या.

सिस्टर आधी खो खो हसल्या. “पाप ही देवाची देणगी!” मग गंभीर झाल्या. “खरे गुण देऊन निकाल पाठवू? पुढचं तुम्हाला माहितेय.”

“पाठवा,” बाई म्हणाल्या.

व्हायचं तेच झालं. आठवड्याचे दोन तास गणिताला गेले, शनिवारचा शेवटचा तेवढा राहिला. त्या शनिवारी बाईंनी पेपर परत दिले, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. वर्ग पोट धरधरून हसला. हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, “आता पाठ केलेलं नको. क्षमा म्हणजे काय?”

तीच मुलगी उभी राहिली. बाईंनी तिचं उत्तर कोणाला वाचून दाखवलं नव्हतं.

“बाई, प्रार्थनेतली क्षमेची ओळ तुम्ही मनापासून म्हणता?”

सव्वीस वर्षांत बाईंना कोणी प्रश्न विचारला नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या. “मला एक भाऊ आहे,” त्या म्हणाल्या. “धाकटा. आई गेल्यावर घरावरून भांडलो. नऊ वर्षं झाली, मी त्याच्याशी बोलले नाही. ती ओळ रोज म्हणते, दोन-दोनदा म्हणते. आणि त्याची आठवण मला एकदाही आली नाही गं.”

मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, “माझंही एकाशी भांडण आहे.” मग आणखी एक बोलला. बाई ऐकत राहिल्या. कोणाला काय सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं आणि त्यांनी तसं कबूलही केलं. तास संपता संपता सगळे प्रार्थनेला उभे राहिले. नेहमी एका दमात संपणारी प्रार्थना आज सावकाश चालली होती. क्षमेची ओळ आली. निम्मा वर्ग ती म्हणाला, निम्मा गप्प राहिला. ती मुलगीही गप्प होती.

बाईंनी तोंड उघडलं, पण भावाचा चेहरा समोर आला आणि त्यांना ती ओळ म्हणता आली नाही.