कापलेल्या बातमीचं शेपूट

आमच्या थोरल्या वहिनीला जगातलं सगळं ठाऊक होतं, फक्त अर्धं. उरलेलं अर्धं द्राक्षांबरोबर कलकत्त्याला गेलं होतं. मी फार वाढवून सांगतो असं गावात सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण ही गोष्ट मी अगदी थोडीच वाढवणार आहे, कारण जास्त वाढवायला वहिनीनं जागाच ठेवलेली नाही.

दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षबाग. नव्वदच्या दशकात आमचा माल पुठ्ठ्याच्या पेट्यांतून ट्रकनं कलकत्त्याला जायचा आणि घड चेचू नयेत म्हणून पेटीच्या तळाला वर्तमानपत्राची रद्दी अंथरायची. पान मोठं, पेटी लहान. म्हणून पानाची उजवी बाजू कापायची आणि निघालेल्या पट्ट्या चुरगाळून पेटीच्या कोपऱ्यांत ठासायच्या. हंगामात शेडमध्ये पंधरा बाया असायच्या, पण कात्री वहिनीच्या हातात. ती दहा-दहा पानांची चवड एका दमात कापायची आणि मग एकेक पान अंथरताना वाचायची. शिक्षण सातवी, पुढची शाळा लांब म्हणून सुटलेली. पण हंगामात दिवसाला तीनशे पानं तिच्या हाताखालून जायची. दिल्लीतल्या मंत्र्यांनी आयुष्यात वाचली नसतील एवढी पानं तिनं एका मार्च महिन्यात वाचली असतील.

घोटाळा एकच. बातमी पुढच्या रकान्यात जायची आणि पुढचा रकाना कापलेला असायचा. तोवर त्याचा बोळा होऊन तो कुठल्या तरी पेटीत बसलेला, पेटीला चिकटपट्टी लागलेली आणि ट्रक सुरू. बातमीचं डोकं एका पेटीत, शेपूट दुसऱ्या पेटीत. वाचताना काही विशेष सापडलं की ती तो तुकडा फाडून कमरेला खोचायची आणि संध्याकाळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्या डब्यात जगातली सगळी आश्चर्यं होती आणि एकही पूर्ण नव्हतं.

एकदा तिला सापडलं, ‘ऑक्टोपस या समुद्री प्राण्याला तीन हृदये असतात. त्यांपैकी दोन’. बस. पुढे कात्री. त्या रात्री तिनं दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, जेवू दिलं नाही म्हणतात. मला आठवतं ते एवढंच की ताट वाढून ती म्हणाली, “अहो, दोन काय करत असतील हो?”

दादा म्हणाला, “कशाचे दोन?”

“हृदयं. एकानं भागतं की आपलं.”

दादा उठला, मोटरसायकलला किक मारली आणि ट्रकच्या मागे गेला. ट्रक त्यानं चांदवडच्या घाटात गाठला. ड्रायव्हरला चहा पाजून, पाया पडून, त्यानं चाळीस पेट्या फोडल्या आणि कोपऱ्यातले सगळे बोळे शर्टात भरून पहाटे घरी आणले. गावात म्हणतात चारच पेट्या फोडल्या. मी चाळीसवर ठाम आहे. दोघांनी ते बोळे इस्त्रीनं सरळ केले. त्यांत कांद्याचे भाव निघाले, हरवलेल्या म्हशीची जाहिरात निघाली, ऑक्टोपस नाही निघाला. वहिनी म्हणाली, “जाऊ द्या, म्हशीचं तरी कळलं.” पण ती दोन हृदयं तिच्या डोक्यात पुढं आठ वर्षं धडधडत राहिली.

दोन हजार सालाच्या सुमाराला गंगापूर रोडवरच्या एका परमिट रूमच्या मालकानं, त्याला सगळे शेठ म्हणत, बंगळूरच्या एका बारमध्ये क्विझ चाललेली पाहिली. मंगळवारी आपल्याकडे निम्मे लोक पीत नाहीत, हॉटेल ओस पडतं. म्हणून शेठनं बाहेर कापडी फलक लावला: ‘मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जनरल नॉलेज क्विझ. तिघांचा संघ. पहिलं बक्षीस ज्ञानकोश, संपूर्ण बारा खंड.’ हा मराठी ज्ञानकोश त्यानं हॉटेल सुशिक्षित दिसावं म्हणून काउंटरमागच्या काचेच्या कपाटात ठेवला होता. आता त्या कपाटात त्याला बाटल्या मांडायच्या होत्या.

मी फलक वाचला आणि थेट शेडवर जाऊन वहिनीला सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली. हंगामात तिनं कात्री खाली ठेवलेली मी त्याआधी फक्त पुतणीच्या जन्माच्या वेळी पाहिली होती.

“बारा खंड?”

“बारा.”

“पानं पूर्ण हायेत? कडेपर्यंत?”

“कडेपर्यंत, वहिनी. उजव्या बाजूसकट.”

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “भाऊजी, मला ते पाहिजेत. साडी नको, बांगड्या नकोत. तुमच्या दादाला सांगा मंगळवारी बागेला पाणी धरू नका.”

आता अडचण अशी की शेठच्या हॉटेलात बायकांनी फॅमिली सेक्शनमध्ये बसायचं, असा नियम. परमिट रूम आणि फॅमिली यांच्यामध्ये छतापासून फरशीपर्यंत बांबूची चटई. क्विझ चटईच्या अलीकडे, वहिनी पलीकडे, तिच्यासमोर मसाला पापड आणि लिंबू सोडा. मी आणि दादानं चटईला खेटून टेबल धरलं. शेठ लग्नात भाड्यानं द्यायचा माईक घेऊन उभा राहिला आणि स्वतःच्या शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून प्रश्न वाचू लागला.

“जगातलं सर्वांत मोठं फूल कोणतं?”

दादा म्हणाला, “सूर्यफूल.” चटईतून आवाज आला, “अहो, गप बसा. रॅफ्लेशिया. आणि त्याला सडक्या मांसाचा वास येतो.”

“कोणता पक्षी मागच्या दिशेनं उडू शकतो?”

“हमिंगबर्ड. लिहा भाऊजी. सेकंदाला पंख किती हलवतो ते कापलं गेलंय, पण लय हलवतो.”

“कोणत्या ग्रहावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?”

“शुक्र! शुक्र! त्याच्यावर पाऊस कसला पडतो ते पण होतं, पण...”

“कापलं गेलं,” मी आणि दादा एका सुरात म्हणालो.

शेजारच्या टेबलावर तीन प्राध्यापक होते. एकाच कॉलेजातले, तिघांनाही चष्मा, तिघांपुढेही शेंगदाणे. आमच्या खालोखाल त्यांचे गुण. त्यांतले सर्वांत वडील उठून म्हणाले, “शेठ, हा प्रकार काय आहे? यांना चटई उत्तरं सांगतेय.”

शेठ म्हणाला, “संघ तिघांचा आहे सर. तिसरा मेंबर पलीकडे आहे.”

“मग तिसऱ्या मेंबरला दिसेल असं बसवा. आम्ही चटईशी हरायला तयार नाही.”

हॉटेल हसलं. शेठ वेटरवर ओरडला, “ए, चटई गुंडाळ!” चटई सुरसुरत वर गेली आणि मागे आमची वहिनी, डोक्यावर पदर, हातात अर्धा पापड. परमिट रूममधल्या चाळीस माणसांनी आपापले ग्लास टेबलाखाली घेतले. कोणी मला सांगू नये की हे मी बनवलं. एकाचा ग्लास माझ्या पायावर सांडला होता. वहिनीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “प्या की. मी काय तुमच्या घरी सांगायला येणारे का?” आणि खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी आली.

मग मात्र चुरस झाली. प्राध्यापकांनी एकामागून एक प्रश्न जिंकले. नद्या, खनिजं, रसायनं. मृत समुद्रात माणूस का बुडत नाही, यात आमचा गुण गेला, कारण ‘बुडत नाही’ वहिनीला माहीत होतं आणि ‘का’ कलकत्त्याला होतं. शेवटच्या प्रश्नाला दोन्ही संघ बरोबरीत आले. शेठनं माईकवर फुंकर मारली.

“नायजेरियाची राजधानी कोणती? उत्तर कागदावर लिहून द्या.”

मी खूश. शाळेत पाठ केलेलं. मी ‘लागोस’ लिहायला घेतलं, तर वहिनीनं माझं मनगट धरलं. द्राक्षाची कात्री चालवणारा हात, माझं पेन तिथंच थांबलं.

“लागोस नाय.”

“वहिनी, लागोसच. पाठ आहे माझं.”

“होती. आता नाय. ‘नायजेरियाने आपली राजधानी लागोसहून’, एवढं हाय माझ्या डब्यात. लागोसहून म्हणजे तिथून निघाली ना? निघालेली बाई माहेरीच कशी सापडेल?”

“मग कुठं गेली?”

तिचा चेहरा पडला. “ते पुढच्या रकान्यात होतं.”

शेठ मोजू लागला: दहा, नऊ. मी दादाकडे पाहिलं. लागोस लिहिलं तर निदान बरोबरी; बारा खंडांचे सहा तरी मिळतील. वहिनीची नजर कपाटावर होती. तिनं माझं मनगट सोडलं आणि म्हणाली, “तुम्हाला वाटतं ते लिहा.” तेव्हा दादानं, चाळीस पेट्या फोडलेल्या माणसानं, माझ्या हातून कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: लागोस नाही.

शेठनं ते माईकवर वाचलं तेव्हा हॉटेलभर खोखो झालं. कोणीतरी ओरडलं, “हे काय उत्तर आहे? तुझा नवरा कोण विचारलं तर ‘हा नाही’ म्हणायचं?” प्राध्यापकांनी लागोस लिहिलं होतं. शेठच्या पुस्तकातही लागोस. त्यानं कपाट उघडलं, बक्षिसाचाच खंड काढला, नायजेरिया उघडलं: राजधानी लागोस.

वहिनी उभी राहिली. “शेठ, पहिलं पान बघा. पुस्तक कधीचं हाय?”

शेठनं पाहिलं. आवाज खाली आला. “ऐंशीच्या आसपासचं.”

“माझा कागद त्याच्या नंतरचा हाय. माझी मुलगी झाली त्या हंगामातला. आठ वर्षांची हाय ती. पुस्तकानं बातमी ऐकलीच नाय, त्याचा काय दोष?”

तेवढ्यात कोपऱ्यातून खुर्ची सरकली. तिथं एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक म्हातारे इंजिनिअर एकटेच बसायचे. “बाई बरोबर सांगतात,” ते म्हणाले. “मी नोकरी संपल्यावर चार वर्षं लागोसला होतो. सरकारी कचेऱ्यांची टेबलं, खुर्च्या ट्रकमध्ये भरून जाताना मी गॅलरीतून पाहिली. राजधानी अबुजाला गेली.”

“काय म्हणालात?” वहिनीनं विचारलं.

“अबुजा.”

“अबुजा,” ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. सबंध हॉटेल बक्षिसाचं काय होणार म्हणून श्वास रोखून होतं, आणि ही बाई एक नाव तोंडात घोळवत होती, पहिल्या घडाचा मणी घोळवावा तशी.

वडील प्राध्यापक उठले. मी भांडणाच्या तयारीत बाह्या सरसावल्या. ते म्हणाले, “शेठ, आमचं उत्तर पूर्ण चूक. यांचं अर्धं तरी बरोबर आहे. द्या खंड.” आणि वहिनीला नमस्कार करून स्वतःच पहिले चार खंड उचलून आमच्या पिकअपपर्यंत आले. मी त्या दिवसापासून चष्मेवाल्यांबद्दल वाईट बोलणं सोडलं. जवळजवळ सोडलं.

घरी आल्यावर तिनं हातसुद्धा न धुता ऑक्टोपस काढला. बोट ओळीवर ठेवून वाचलं, कडेपर्यंत. मग आत ओरडली, “अहो, ऐकलं का! दोन हृदयं कल्ल्यांना रक्त देतात. एक उरलेल्या अंगाला.”

दादा आतून म्हणाला, “झोपशील आता?”

पण तिनं नायजेरियाचं पान उघडलं. डब्यातून तो पिवळा तुकडा शोधून काढला, वाटीत कणकेची खळ केली आणि ‘लागोस’च्या शेजारी चिकटवला. जिथं कात्री फिरली होती तिथं कागद संपत होता. त्याच्या पुढे, पुस्तकाच्या कोऱ्या समासात, तिनं पेननं लिहिलं: अबुजाला नेली.

पुढच्या हंगामापासून डब्यातले तुकडे आणि नवे तुकडे असे सगळे त्या पुस्तकात चिकटत गेले. आता ते खंड एवढे फुगलेत की बारांचे चोवीस वाटतात आणि एकही मिटत नाही. दादानं त्यांच्यावर वरवंटा ठेवलाय. गावातली पोरं परीक्षेच्या आधी विचारायला येतात. वहिनी खंड उघडून देते आणि बजावते, “छापलेलं वाचा, पण चिकटवलेलं आधी.”