ओ आणि ठो

तिने केसाने माझा गळा कापला, असं मी अजून म्हणते आणि घरचे म्हणतात, "आता पुरे गं." पुरे काय पुरे!

एम.एस्सी.ला आम्ही दोघीच मुली. दर रविवारी दुपारी मी ठाण्याहून डोंबिवलीला तिच्या घरी जायची. विहिरीच्या कट्ट्यावर पाटी घेऊन बसायचो. एका रविवारी गणित होतं: एक कण दुरून येतो, अणुकेंद्राजवळून वळतो आणि पुन्हा दूर निघून जातो. तो किती वळला ते काढायचं. अंतर थेट अनंतापर्यंत, इंटिग्रल असं अक्राळविक्राळ की ती रडकुंडीला आली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही गं!"

"मग तेच घेऊ," मी म्हटलं. अंतराला नाव दिलं ओ. एक भागिले ओ म्हणजे ठो. ओ अनंताला गेला की ठो शून्य, कटकटच मिटली! वर्गमुळाखाली साधी वर्गराशी उरली. "फक्त चल बदललास की लिमिटाही बदल, बाई," हे तिला दहादा बजावलं. पोट दुखेपर्यंत हसलो त्या दिवशी.

पुढे कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची एकच जागा निघाली. सरांनी आम्हा दोघींना हेच गणित लिहून आणायला सांगितलं. जागा मिळाली नाही तर कल्याणच्या स्थळाला होकार द्यायचा, असं वडिलांनी ठणकावलेलं. हे फक्त तिला माहीत होतं. "माझ्या लिमिटा ताडून बघते," म्हणत तिने माझा कच्चा कागद ठेवून घेतला. मीही दिला, भाबडी कुठली!

तिने बुधवारीच उत्तर दिलं. मी शुक्रवारी. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिच्यात पहिल्याच ओळीत ठसठशीत लिहिलेलं: ओ म्हणजे अंतर, ठो म्हणजे त्याचा व्यस्त. माझ्यात सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि मधेच, एका ओळीत, चुकून राहिलेला ठो.

"ही कल्पना कुणाची?" सरांनी विचारलं.

"माझी, सर," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सर, हिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. समजावताना मीच ही अक्षरं घेतली."

सर खो खो हसले. आणि मीही, मेली, सवयीने हसले.