माईकवरून सांगितलेलं सत्य

खरं बोलताना समोरचा माणूस तुम्हाला दिसतो का, की फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो?

मला बरीच वर्षं आवाजच ऐकू यायचा. वडील चौदा एप्रिलच्या जयंतीला पुस्तिकांचा स्टॉल लावायचे. दोन पिनांनी जोडलेल्या त्या पातळ पुस्तिकांवरच मी अक्षरं शिकले. जात, कर्मकांड, अंधश्रद्धा यांच्याविरुद्धची वाक्यं मला तोंडपाठ होती आणि ती कुणावर तरी फेकायला मी टपलेलीच असायची.

वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. काकू रोज पहिल्या ओळीत बसायची. त्याच दिवसांत माझा चुलता, काकूचा नवरा, गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, त्रिशरण-पंचशील म्हणून झालं आणि मी भाषणाला उभी राहिले. जगात कायमचं काही नाही, सगळं अनित्य आहे, असं तावातावानं सांगत होते. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली काकू भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा ठेवलेलं ताट घेऊन जिन्याकडे निघालेली दिसली. कावळ्यासाठी. मी माईकवरूनच विचारलं, "काकू, घरात बुद्ध अन् गच्चीवर कावळा, असं कसं चालेल?"

माणसं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "कावळ्यालाबी पंचशील द्या मंग." काकूनं ताट पायरीवर ठेवलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं विहार सोडला.

मी बरोबरच होते, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले. मग एका संध्याकाळी वाचनाची पाळी माझी आली. शाक्य कुळातला एक तरुण घर सोडतो. का सोडतो, यावर आमच्या पुस्तिका आणि जुन्या कथा भांडतात. माणसाच्या दुःखाचं उत्तर शोधायला निघतो, यावर भांडण नाही. तो उपासानं शरीर झिजवतो, मग तो हट्टही सोडतो. तेव्हा सोबतचे पाच जण रागावून निघून जातात. पुढं बोधगयेला ज्ञान झाल्यावर बुद्ध पायी सारनाथला जातात ते त्या रुसलेल्या पाचांकडेच. पहिला उपदेश त्यांना. हे मी लहानपणापासून कितीदा तरी वाचलं होतं. त्या दिवशी मात्र तिथंच अडखळले. काकूचं घर विहारापासून दोन गल्ल्यांवर होतं, आणि मी एकदाही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकू रानात मुगाच्या शेंगा तोडत होती. मी तिच्या शेजारची पात धरली. पात अर्धी झाली. मी माफी मागितली, तरी तिचे हात चालूच. मग म्हणाली, "मेलेला माणूस जेवत न्हाई, हे मला कळत न्हाई का? पण इतके वर्षं पह्यली भाकर त्यांच्या ताटात वाढली. हात अजून तिकडंच जातो. तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतेत?"

मी सांगितलं, पहिल्यांदाच हळू आवाजात. दुःख आहे, ते नाकारायचं नाही. जे टिकणारं नाही ते घट्ट धरून ठेवायची ओढ, ती तृष्णा, त्याचं कारण. ती पकड सैल होऊ शकते. आणि त्यासाठी वाट आहे. शरीराचे हाल नाहीत आणि नुसती चैनही नाही, अशी मधली वाट. नीट पाहणं, नीट वागणं, मन जागं ठेवणं, अशी तिची आठ अंगं. त्यातल्या सम्यक वाचेशी, म्हणजे नीट बोलण्यापाशी, आल्यावर मी थांबले.

"थांबलीस का गं?"

"तिथंच चुकले ना, काकू."

ती हसली. "मंग त्या दिवशी असंच बसून सांगायचं व्हतं."

कावळ्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. ते मी तिला तिथंच सांगितलं. ती म्हणाली, "तुझं बराबर असंल. पण मला जल्दी न्हाई व्हायचं."

मग मी जमेल तसं तिच्या रानात जाऊ लागले. कधी बोलणं व्हायचं, कधी नुसतं काम. एका सकाळी शेवटच्या शेंगा तोडताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आज पह्यली भाकर मीच खाल्ली. गरम व्हती."

चार आर्यसत्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यातलं तिसरं, दुःख थांबू शकतं हे, मला त्या मुगाच्या रानात दिसलं. आश्विन पौर्णिमेला काकू विहारात आली आणि पुढच्या वर्षावासात दोन पानं आपण वाचणार, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. तिला अडखळत वाचता येतं. आम्ही आता रोज सराव करतो.

बुद्धांची शिकवण समजून घ्यायची असेल तर पुस्तिका जरूर वाचा, मीच देते. पण आधी एक करा. आपण बरोबर आहोत म्हणून ज्याला तुम्ही चारचौघांत दुखावलंत, त्याच्याकडे या आठवड्यात पायी जा. भाषण घरी ठेवा. त्याच्या हातातल्या कामाला हात लावा, आणि त्यानं विचारेपर्यंत गप्प राहा.