बांधावरची सैल पाती

आमच्यात राखण द्यायला बायका जात नाहीत. भातकापणीआधी शेताच्या हद्दीवरच्या दगडाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, शेत सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालायचं, हे सगळं पुरुषांचं. मी लहानपणी लांब उभी राहून बघायची आणि मला भयंकर राग यायचा. लावणीला वाकून वाकून कंबरडं मोडायचं आमचं, आणि देवाशी बोलायला मात्र हे!

खरवईला आमचं शेत. सासर सोडून मी परत आले तेव्हा बाबांचे गुडघे गेले होते, दादा अंबरनाथच्या कंपनीत पाळीवर, त्यामुळे शेत मीच बघायची. लोक बोलायचे. बोलू देत. माझ्या हातात तेवढंच होतं आणि ते मी सोडणार नव्हते.

नव्वदनंतर तिकडे प्लॉट पडायला लागले. शेजारचं शेत एका प्लॉटवाल्याने घेतलं. एका सकाळी तो आमच्या अंगणात येऊन खुर्चीवर बसला. मोजणी मागवलीय म्हणाला, पुढच्या सोमवारी, मग भिंत घालणार. "हद्दीचा वादच नाही, काका. तुमचा देव जिथं, तिथं तुमची हद्द. दरवर्षी तुम्हीच नारळ फोडता ना?"

देवाच्या पलीकडून गाडीवाट जायची आणि वाटेपलीकडे नुसती झाडी. घाणेरी, करवंद, बांबू, आत माणूस शिरणार नाही इतकी गच्च. आमचा ट्रॅक्टर त्याच वाटेने शेतात जायचा, दुसरी वाट नव्हती. ती भिंतीआड गेली की शेत बंद. आणि बंद शेत विकत घेणारं गिऱ्हाईक एकच, हा समोर बसलेला.

"ती झाडीपण मी साफ करून देतो," तो उठता उठता म्हणाला. "माझा बुलडोझर येतोच आहे. फुकट."

"आमचा बांध आम्ही साफ करू," मी म्हणाले. तो हसला आणि बाबांकडे बघत राहिला. बाबा खाली बघत होते.

तो गेल्यावर बाबांनी तोंड उघडलं. "बाय, तो दगड मी ठेवला व्हता. खरा दगड, सरकारी मोजणीचा, झाडीत हाय. पंचवीस वर्सामागं तिथं घोणस निघाली, मी घाबरलो. म्हटलं, देवाला काय, अलीकडं पुजला तरी चालंल." पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं आम्ही भलत्याच दगडाला नारळ देत होतो, आणि बाबांनी लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यावर ओरडले. खूप ओरडले.

खरा दगड शोधायचा तर झाडी निघायला हवी. हाताने महिना गेला असता आणि आमच्याकडे सहा दिवस होते. ट्रॅक्टर होता, सेकंडहँड, दादाने विटा ओढायला घेतलेला. त्याच्या मागे लावायला काहीतरी हवं म्हणून आम्ही बहीणभाऊ उल्हासनगरला एका वर्कशॉपमध्ये गेलो.

मालक सिंधी, गळ्यात चष्मा, हात काळे. दादाने लगेच समतल करायच्या मोठ्या पात्यावर बोट ठेवलं. "हे मस्त. एका दमात सगळं मुळासकट."

"मुळासकट दगडपण," मी म्हणाले. "मग त्या बुलडोझरने काय घोडं मारलं होतं?"

मालकाने रोटाव्हेटर दाखवला. "अदी, ये ले जाओ. मिट्टी एकदम मैदा." तो मला अदी म्हणायला लागला होता, म्हणजे ताई. मी म्हटलं, मैदा नको. माती हलता कामा नये, दगड जागचा सुटला तर तो कुणाच्याच कामाचा नाही.

कोपऱ्यात पत्र्याच्या झाकणाखाली आडवं फिरणाऱ्या पात्यांचं एक यंत्र पडलं होतं. गवत कापायचं, गंजलेलं. हेच, मी म्हणाले, पण पाती ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची जाड लावून द्या, जमिनीपासून वीतभर वर चालतील अशी, आणि घट्ट बसवू नका. पिनेवर सैल राहू देत.

"ढीली?" तो दादाकडे वळला. "भाई, तेरी बहन गाडी का पहिया भी ढीला रखती है क्या?" दोघं खो खो हसले.

माझं डोकं फिरलं. मी पुढ्यातली लोखंडी पट्टी उचलली, एक टोक चिमटीत सैल धरलं आणि त्याच्या ऐरणीवर आपटली. पट्टी नुसती मागे फिरली. मग तीच मुठीत घट्ट धरून आपटली, तर हाताला कळ खांद्यापर्यंत गेली. "आता कळलं? घट्ट पातं दगड उडवणार नाहीतर स्वतः मोडणार. सैल असलं तर लागेल आणि मागे जाईल."

त्याने चष्मा लावला, पिना बघितल्या, आणि हसू आवरून म्हणाला, "शनिवार को ले जाना, अदी."

रविवारी दादा चालवत होता आणि मी लांबून मागे चालत होते. करवंदीचा चुरा उडत होता. बांबूच्या बेटाशी पोचलो आणि ठण्! असा आवाज झाला की दादाने ट्रॅक्टर बंदच केला. मी कोयता घेऊन धावले, उरलेली झाडी हाताने काढली. गुडघाभर दगड, किंचित कललेला, पण जागचा हललेला नव्हता. मी तिथेच फतकल मारून रडले.

सोमवारी प्लॉटवाला म्हणाला, "काल रात्री पुरला असेल."

बाबा काठी टेकत पुढे आले. ते कसेबसे खाली बसले आणि नखांनी शेवाळ खरवडायला लागले. माथ्यावर मोजणीची खोदलेली फुली निघाली, आणि तिच्याखाली शेंदराचा जुना काळपट थर. मोजणीवाल्याने नकाशा पसरला, साखळी लावली, मान डोलावली.

"मग तिकडे कोणाचा देव आहे?" प्लॉटवाला चिडून म्हणाला.

"तिकडं देव नाय," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "सापाला भिऊन मी ठेवलेला दगड हाय तो." घरात दबक्या आवाजात बोलणारा हा माणूस, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

भिंत झाली, पण खऱ्या दगडाच्या पलीकडे, आणि वाट आमच्याकडे राहिली. त्या वर्षी राखणीला गावातले पुरुष खऱ्या दगडापाशी जमले आणि मी नेहमीसारखी लांब उभी राहिले. बाबांनी नारळ उचलला, तो हातात फिरवला आणि मला हाक मारली. कुणीतरी म्हणालं, बायकांनी फोडायचा नसतो. बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी गेले आणि एका घावात फोडला.