उपाशी यीस्ट आणि माझी मैत्रीण

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मी आणि माझी मैत्रीण नांदेडला एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. मी भोकरची, ती देवणीची. विषय टीआरएनए. हा छोटा रेणू पेशीच्या केंद्रकात तयार होतो, पण त्याचं काम बाहेर. प्रथिनं बनतात तिथं तो अमिनो आम्लं पोचवतो. एक वाहक प्रथिन त्याला केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर नेतं. यीस्टची साखर काढून घेतली, की बाहेर गेलेला टीआरएनए परत केंद्रकात जमतो. साखर मिळाली की निघतो. पण तो वाहकच नसलेल्या यीस्टमध्ये निघेल का? हा प्रश्न तिचा होता. त्यासाठी तिनं दोन वर्षं घातली.

प्रयोग तोंडावर आला आणि तिच्या वडिलांचा फोन आला. जनावरं घेऊन ते चारा छावणीत राहायला चालले होते. घरी आई एकटी, तीही आजारी.

"लई दिवस न्हाई गं," बॅग भरताना ती म्हणाली. "पाऊस पडला की येते. तोवर माझं यीस्ट सांभाळ."

पाऊस पडला, पण आईचं दुखणं वाढलं. वडील म्हणायचे, "उदगीर जिल्हा होऊन राहिलाय. इथंच मोठं कॉलेज येतंय. मग कर की तुझं." ती वाट बघत राहिली. जिल्हा काही झाला नाही. तिनं लातूरला शिकवणीत जीवशास्त्र शिकवायची नोकरी धरली.

प्रयोग शेवटी मी केला. उपाशी यीस्टला साखर दिली, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आधी केंद्रकात साचलेला, टीआरएनएला लावलेल्या चमकत्या रंगाचा हिरवा उजेड हळूहळू पेशीभर पसरला होता. मी तिथूनच तिला फोन लावला.

"निघाला?"

"हाव. उशिरा, पण निघाला. दुसरी वाट असणार त्याला."

ती म्हणाली, "मला बघायचं होतं गं."

पलीकडे पोरांचा गलका होता. तासाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

शोधनिबंधात तिचं नाव पहिलं घातलं. तिनं फोनवर आभार मानले, इतकंच. लातूरला गेले की भेटते तिला. मुलं, सासर, शिकवणी, सगळं बोलतो. त्या कामाचा विषय मात्र दोघीही काढत नाही. तो प्रश्न सुचायला जे डोकं लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. पदवी मला मिळाली, याची हळहळ अजून जात नाही.