चादर मी सोडली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, साताऱ्याच्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी भाजी करपली तरी फोन करते. तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही.

सांगलीच्या एका हॉस्पिटलात मी हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. पेशंट उचलायचा, कुशीवर वळवायचा, दिवसभर पलंगांवर वाकायचं — आमच्यात कंबर न दुखणारी बाई सापडायची नाही. माझी जरा जास्तच दुखायची. युनिफॉर्मच्या आत पट्टा बांधायचे. पण तेव्हा इन्चार्ज नुकतीच झाले होते, हे कळलं असतं तर वॉर्ड हातचा गेला असता. म्हणून लपवलं. एवढंच असतं तर बरं होतं.

वैशाली माझ्या हाताखाली होती. कवठे महांकाळची, चोवीस वर्षांची, घरातली पहिलीच नोकरी करणारी मुलगी. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी एक रिटायर्ड सुभेदार ऑपरेशन होऊन आले, चांगले धिप्पाड, अजून गुंगीत. त्यांना स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं होतं. वॉर्डबॉय, म्हणजे आमचे मामा, दुसऱ्या पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेले.

"सिस्टर, मामांना येऊ द्या की," वैशाली म्हणाली. "दोघींना न्हाई पेलायचं."

पण डॉक्टरांच्या राउंडची वेळ झाली होती. मी म्हणाले, "धर गं चादर. मी आहे ना."

ओढलं — आणि माझ्या कमरेत अशी कळ आली, की मी हात सोडले. तिला न सांगता. सुभेदार अर्धे इकडे, अर्धे तिकडे. तिनं सोडलं नाही. माझ्या बाजूची चादरही तिनंच पकडली, एकटीनं हिसका देऊन त्यांना पलंगावर घेतलं आणि तिथंच फरशीवर बसली. उठताच येईना.

कळ आली हा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढं आहे.

मेट्रन धावत आल्या. काय झालं, म्हणाल्या. आणि मी — किती सहज बोलले मी! — "मी उशी आणायला गेले होते. हिनं एकटीनंच ओढलं. गुडघ्यात वाक म्हणून किती वेळा सांगितलंय हिला."

वैशाली फरशीवरूनच म्हणाली, "आवं सिस्टर, तुमी व्हता की!"

"दुखण्यात काहीही बोलतेय," मी मेट्रनना म्हणाले.

रिपोर्टही मीच लिहिला. तिचा निष्काळजीपणा. मणक्याचं ऑपरेशन झालं, पण डावा पाय सुधारला नाही. नोकरी गेली. नर्सिंगच गेलं.

मागच्या हिवाळ्यात तासगावच्या स्टँडवर ती दिसली. मी मान वळवली, तरी तिनं हाक मारली. पाय ओढत आली. शिवणकाम करते म्हणाली, पण लय वेळ बसवत न्हाई. मग हळूच म्हणाली, "तवा तुमच्या कमरंत कळ आली व्हती ना, सिस्टर? तुमचं तोंड बघितलं व्हतं मी."

त्यात राग नव्हता. नुसतं विचारत होती.

"आठवत नाही गं," मी म्हणाले, आणि लागलेल्या एसटीत जाऊन बसले.

दर जूनमध्ये नव्या मुलींना पेशंट कसा उचलायचा ते मीच शिकवते. पाठ सरळ, गुडघे वाकवून, एकटीनं कधीच नाही. आणि सांगते — आमच्याकडे एक मुलगी होती, ऐकलं नाही तिनं, एकटीच उचलायला गेली.

या जूनमध्येही सांगितलं. मुली वहीत लिहून घेत होत्या.